शिल्लक पुढे आणली

घरातला जुना लॅपटॉप २०२४ च्या मार्च महिन्यात कायमचा बंद पडला आणि त्याच्याबरोबर आमच्या संसाराचा तेरा वर्षांचा हिशेब अडकून बसला. हिशेबाची फाइल शाबूत होती. तिच्या दोन प्रती पेनड्राइव्हवर होत्या आणि एक माझ्या कार्यालयातल्या खणात होती. अडचण अशी होती, की ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडत असे ते मी २०११ साली सीडीवर विकत घेतले होते, ते बनवणाऱ्या कंपनीने त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती, आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. शेवटी नारायण पेठेत भावाकडे, बाबांच्या खोलीत धूळ खात पडलेल्या संगणकावर ते कसेबसे चालू झाले. पण परक्या घरी जाऊन आपला जमाखर्च लिहिणे फार दिवस जमणारे नव्हते, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलण्याला पर्याय उरला नाही.

अशी वेळ येणारी मी काही पहिली नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘मनी’ या घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली, आणि लाखोंच्या वापरातले ‘मिंट’ हे अमेरिकी संकेतस्थळ त्याच्या मालकांनी २०२४ च्या मार्चमध्ये, म्हणजे नेमका माझा लॅपटॉप गेला त्याच महिन्यात, बंद केले. हिशेब ही दहा-वीस वर्षे टिकवायची वस्तू आहे आणि सॉफ्टवेअर मात्र तितके टिकत नाही, हे लक्षात आल्यावर मी निवडीसाठी दोनच अटी ठरवल्या: फाइल माझ्याच संगणकावर राहिली पाहिजे, आणि उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी तिच्यातला मजकूर दुसऱ्या कशाने तरी वाचता आला पाहिजे. मधल्या काळात फोनवरचे एक ॲप वापरून पाहिले होते. ते बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची वर्गवारी आपोआप करत असे आणि त्या बदल्यात दर दोन दिवसांनी मला कर्ज घ्यायला सुचवत असे. त्याचे नाव घेत नाही. ते काढून टाकताना मला अजिबात वाईट वाटले नाही, एवढेच सांगते.

पाहिलेल्या पर्यायांपैकी होमबँक दिसायला सुटसुटीत आहे, पण ते एकेरी नोंदीचे आहे. केमायमनी द्विनोंदीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणारे, आहे आणि चांगलेही आहे. ज्यांना साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हिशेब लिहायला आवडतो त्यांच्यासाठी लेजर आणि एचलेजर आहेत. त्यांचे कौतुक वाटले, पण माझ्या नवऱ्याने आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी पाहून ‘यात मी हात घालणार नाही’ असे आधीच जाहीर केले. अखेर ग्नूकॅश ठरले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ ची, म्हणजे माझ्या लग्नापेक्षा जुनी. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि त्याची फाइल एक्सएमएल किंवा एसक्यूलाइट अशा सर्वांना ठाऊक असलेल्या स्वरूपात राहते. इन्स्टॉल करण्याबद्दल लिहिण्यासारखे काहीच नाही. संकेतस्थळावरून उतरवून घेतले, चार वेळा ‘पुढे’ दाबले आणि चहा गार व्हायच्या आत काम संपले.

हिशेब नव्या घरात हलवायला मात्र जवळजवळ तीन महिने लागले, आणि त्यातले पहिले पाच आठवडे मी हकनाक घालवले.

मला सगळे हवे होते. तेरा वर्षांतला प्रत्येक किराणा, प्रत्येक शाळेची फी, मुलीच्या बारशाचा हॉल, सगळे जसेच्या तसे नव्या फाइलमध्ये आले पाहिजे असा माझा हट्ट होता. जुने सॉफ्टवेअर क्यूआयएफ या जुन्या स्वरूपात नोंदी बाहेर काढून देत होते आणि ग्नूकॅश ते वाचू शकते, म्हणून मी प्रत्येक खात्याची निराळी फाइल काढली आणि एकामागून एक आत घेतली. बचत खात्यातून मुदत ठेवीत गेलेले पन्नास हजार बचत खात्याच्या फाइलमध्ये होते आणि ठेवीच्या फाइलमध्येही होते. अशा जोड्या ओळखण्याची सोय ग्नूकॅशमध्ये आहे, पण माझ्याच जुन्या नोंदींत दोन्हीकडच्या तारखा दोन-तीन दिवसांनी वेगळ्या होत्या, त्यामुळे पुष्कळ जोड्या सुटल्या, एकच व्यवहार दोनदा लिहिला गेला आणि एका रात्रीत आमच्या ठेवी भलत्याच वाढल्या, तर बचत खाते तितकेच खाली गेले. शिवाय २०१४ पर्यंत मी ‘वाणसामान’ असे शीर्षक वापरत होते, नंतर ‘किराणा’, आणि एका वर्षी कोणत्या तरी उत्साहाच्या भरात ‘किराणा’, ‘धान्य’ आणि ‘तेल-तूप’ अशी फोड केली होती. हे सगळे आपापल्या नावांनिशी नव्या घरात दाखल झाले. खात्यांची यादी चौऱ्याण्णववर गेली.

रविवारी बाबांकडे गेले असताना मी हे त्यांच्या कानावर घातले. बाबा एका सहकारी पतसंस्थेत हिशेबनीस होते. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली, पण घरचा जमाखर्च ते अजूनही अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या लांबट वहीत लिहितात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “अगं, नवी वही घातल्यावर जुन्या वहीची पाने फाडून तिच्यात चिकटवतात का?”

मी म्हटले, “बाबा, पण मागचे सगळे एका ठिकाणी दिसले तर बरे ना?”

“कशाला? मागची वही फडताळात ठेवायची. लागली की काढायची. नव्या वहीत फक्त शिल्लक पुढे आणायची.”

इतकी साधी गोष्ट मला पाच आठवडे सुचली नव्हती याचा राग मी परतीच्या रिक्षात स्वतःवरच काढला. घरी येऊन ती फाइल बाजूला ठेवली, नवी फाइल सुरू केली आणि १ एप्रिल २०२४ ही तारीख धरून प्रत्येक खात्याची फक्त आरंभीची शिल्लक भरली. जुन्या नोंदी एका साध्या तक्त्यात काढून ठेवल्या आहेत. वर्षभरात तो तक्ता मी दोनदा उघडला. एकदा फ्रिजच्या खरेदीची तारीख पाहायला आणि एकदा नवऱ्याशी झालेल्या वादाचा निकाल लावायला.

शिल्लक पुढे आणणे म्हणजे बँकेतल्या रकमा टिपणे, असे मी समजत होते. प्रत्यक्षात ते संसाराकडे नव्याने पाहणे ठरले, कारण कशाला मालमत्ता म्हणायचे आणि किती रुपयांना, हे प्रत्येक ओळीला ठरवावे लागते. कोथरूडची सदनिका मी खरेदीच्या किमतीला लिहिली. आजचा बाजारभाव लिहिला असता तर आकडा सुखद दिसला असता, पण ती विकायची नसताना त्या सुखाचा उपयोग काय, असा विचार केला. दागिने लिहिलेच नाहीत. आईच्या पाटल्यांना आकडा लावायला हात धजावला नाही, आणि ते बाबांनाही पटले. पीपीएफचे व्याज वर्षातून एकदाच, ३१ मार्चला, खात्यात पडते, म्हणून तिथली शिल्लक पासबुकातून जशीच्या तशी घेता आली. मुदत ठेवींचे काम किचकट होते, कारण व्याज वर्षभर साचत राहते आणि कापलेला टीडीएस निराळा. त्यासाठी ‘आगाऊ कर’ असे एक खाते उघडले, जेणेकरून विवरणपत्र भरताना तो आकडा शोधावा लागू नये.

एवढे सगळे लिहून झाल्यावर ग्नूकॅश या सगळ्या रकमांची दुसरी बाजू ‘इक्विटी’, म्हणजे भांडवल, नावाच्या गटात टाकते. नवऱ्याने विचारले, “घराला कसले आलेय भांडवल?” मी त्याला सांगितले, की जे आपले आहे त्यातून जे देणे आहे ते वजा केल्यावर उरते ते. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, कारण गृहकर्जाची शिल्लक त्याने बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

द्विनोंदीची पद्धत मला नवी नव्हती. अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा विषय होता आणि त्यातले नियम आम्ही पाढ्यांसारखे म्हणत असू: लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा, येणाऱ्या संपत्तीचे खाते नावे, जाणाऱ्या संपत्तीचे खाते जमा, सर्व खर्च व तोटे नावे, सर्व उत्पन्ने व नफे जमा. तरीही तेरा वर्षे एकेरी नोंदींची सवय लागल्यामुळे मी पहिल्याच दिवशी अडखळले. ग्नूकॅश सुरुवातीला स्तंभांना सोपी नावे देते. बँकेच्या खात्यात पैसे आले आणि पैसे गेले, खर्चाच्या खात्यात खर्च आणि परतावा. मला शहाणपणा सुचला आणि मी पसंतीच्या यादीत जाऊन शास्त्रोक्त नावे चालू केली. लगेच पगार जमा झाल्याची नोंद बँकेच्या खात्यात ‘डेबिट’, म्हणजे नावे, या स्तंभात दिसू लागली. फोनवर बँकेचा संदेश मात्र सांगत होता, की तुमच्या खात्यात रक्कम ‘क्रेडिट’ झाली आहे.

हा गोंधळ पुष्कळांचा होतो, म्हणून थोडे थांबून लिहिते. बँकेचे पासबुक हे आपल्या वहीचे पान नसून बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. आपण पैसे ठेवले म्हणजे बँक आपली ऋणको झाली आणि आपण तिचे धनको. तिने आपल्याकडून लाभ घेतला, देणारे आपण, म्हणून तिच्या वहीत आपले खाते जमा. आपल्या वहीत नेमके उलट: बँक ही लाभ घेणारी, म्हणून तिचे खाते नावे. दोन्ही वह्या खऱ्या आहेत आणि एकमेकींचे आरशातले प्रतिबिंब आहेत. एटीएमच्या पावत्या आणि एसएमएस यांनी आपल्याला बँकेच्या बाजूने विचार करायची इतकी सवय लावली आहे, की स्वतःच्या बाजूने विचार करणे चुकीचे वाटू लागते. आठवडाभराने मला त्याची सवय झाली. नवऱ्यासाठी मात्र सोपी नावे पुन्हा चालू केली.

खात्यांची नावे मी मराठीतच ठेवली. ग्नूकॅशच्या पडद्याचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे, पण मदतीचा सगळा मजकूर इंग्रजी नावांनी शोधावा लागतो म्हणून पडदा इंग्रजी आणि खाती मराठी अशी विभागणी केली. यात एक गंमत झाली. दरमहा थोडी रक्कम फक्त आपल्यासाठी खर्च करायची असा आम्हा दोघांचा करार आहे, त्यासाठी ‘स्वतःसाठी’ असे खाते उघडले. नवऱ्याने त्याचे खाते उघडताना विसर्गाऐवजी, पुष्कळजण देतात तसा, कळफलकावरचा कोलन दिला. ग्नूकॅशमध्ये खाते आणि पोटखाते यांच्या मधले विभाजक चिन्ह कोलन हेच असते, त्यामुळे खात्याच्या नावात विभाजक चिन्ह आल्याचा इशारा समोर आला. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारे सॉफ्टवेअर मी प्रथमच पाहत होते. मराठी शिकवणाऱ्या माझ्या सासूबाईंना हे ऐकून फार समाधान वाटले.

चौऱ्याण्णव खात्यांवरून मी अडतीसवर आले. चितळ्यांचे दूध आणि चितळ्यांची बाकरवडी एकाच खात्यात जावीत का, यावर एक संध्याकाळ गेली. दूध ‘दूधदुभते’ मध्ये आणि बाकरवडी ‘बाहेरचे खाणे’ मध्ये असे ठरले, जरी ती घरी बसूनच खाल्ली जाते.

परदेशी वापरकर्त्यांचे लिखाण वाचून वाटते, की बँकेच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये आपोआप उतरतात. आपल्याकडे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या नियमांखाली अकाउंट ॲग्रिगेटरची, म्हणजे ग्राहकाच्या संमतीने त्याच्या खात्यांची माहिती दुसऱ्या संस्थेला पोहोचवणाऱ्या मध्यस्थांची, व्यवस्था आली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्ष सुरू झाली, पण तिच्यातून माहिती मिळते ती नियामकांकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना. माझ्या टेबलावरच्या ग्नूकॅशला ती दारे बंदच आहेत. त्यामुळे महिन्यातून एकदा बँकेच्या संकेतस्थळावरून उतारा उतरवायचा, वरच्या पत्त्याबित्त्याच्या ओळी वगळायच्या आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात आत घ्यायचा, हाच मार्ग. मला तो आता आवडतो, कारण महिन्यातून एकदा तरी उताऱ्यातली प्रत्येक ओळ डोळ्यांखालून जाते.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली. सगळा महिना एकदम नको, आधी थोडे करून पाहू, अशा सावधपणाने मी १ ते १० एप्रिल एवढाच उतारा घेतला. आत घेताना तारखेचे स्वरूप विचारले जाते. मी लक्ष न देता महिना आधी आणि दिवस नंतर असे राहू दिले. एकही चूक दाखवली गेली नाही. सगळ्या नोंदी बिनतक्रार आत गेल्या आणि मी खूश होऊन झोपायला गेले. सकाळी पाहते तर दूधवाला, वाणी, वीजबिल आणि पेट्रोल या सगळ्यांना आम्ही जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याच्या ४ तारखेला पैसे दिले होते. १ एप्रिलचा ४ जानेवारी झाला होता, २ एप्रिलचा ४ फेब्रुवारी, आणि १० एप्रिलचा ४ ऑक्टोबर, जो त्या दिवशी अजून साडेचार महिने दूर होता. उतारा महिनाभराचा असता तर तेराव्या महिन्यापाशी गाडे अडले असते आणि चूक तिथेच कळली असती. माझ्या सावधपणानेच मला फसवले होते. त्या नोंदी एकेक करून पुसल्या आणि ठरवले, की एप्रिल महिना पासबुक समोर ठेवून हातानेच भरायचा, आयात मेपासून.

आयात करताना ग्नूकॅश नोंदीच्या तपशिलातले शब्द पाहते आणि पूर्वी ते शब्द कोणत्या खात्याशी आले होते यावरून अंदाज बांधते. मे महिन्यात दोनशेच्या वर ओळी होत्या आणि जवळजवळ सगळ्या मलाच जुळवाव्या लागल्या. ऑगस्टपर्यंत दूध, औषधे, वीज, महाराष्ट्र नॅचरल गॅसचे दोन महिन्यांनी येणारे बिल हे सगळे आपसूक योग्य जागी जाऊ लागले. रिक्षा मात्र त्याला आजतागायत शिकता आलेली नाही. यूपीआयच्या ओळीत घेणाऱ्याचे नाव आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो; क्रमांक दर वेळी नवा आणि पुण्यात रिक्षावालाही दर वेळी नवा. यूपीआय २०१६ मध्ये आले त्याआधी हे पैसे पाकिटातल्या सुट्ट्यातून जात आणि वहीत ‘किरकोळ’ या एका शब्दात मावत. आता दहा रुपयांच्या अमृततुल्यलाही पूर्ण नावानिशी एक ओळ असते. महिनाभर मी प्रत्येक नावामागचा माणूस आठवण्याचा प्रयत्न केला. नंतर दोनशे रुपयांच्या आतली अनोळखी ओळ ‘किरकोळ’ मध्ये टाकायचा नियम केला आणि पुन्हा माणसात आले.

म्युच्युअल फंडांसाठी स्वतंत्र खाती आहेत, ज्यांत रुपयांऐवजी युनिट मोजले जातात. युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत मिळतात, म्हणून फंडाची नोंद करताना एकाचा हजारावा भाग असा लहानात लहान अंश द्यावा लागतो. रोजचा भाव ॲम्फी ही म्युच्युअल फंडांची संघटना आपल्या संकेतस्थळावर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देते आणि योजनेचा क्रमांक दिला की तिथला भाव घेता येतो. पहिल्या एसआयपीची नोंद करताना मात्र रक्कम जुळेना. बँकेतून ५,००० रुपये गेले होते. युनिट गुणिले भाव केले तर ४,९९९ रुपये ७५ पैसे येत होते. चार वेळा गुणाकार केला, कॅल्क्युलेटर बदलला. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडांच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि पाच हजारांवर ते बरोबर पंचवीस पैसे होते, हे मला त्या रात्री कळले. इतकी वर्षे दरमहा ते पंचवीस पैसे जात होते आणि माझ्या जुन्या हिशेबात त्यांचा पत्ताच नव्हता. आता ‘मुद्रांक शुल्क’ असे खाते आहे, ज्यात वर्षाला तीन रुपये जमतात.

एप्रिल महिना हाताने भरून झाल्यावर बँकेशी ताळा करायला बसले. ग्नूकॅशमध्ये त्यासाठी निराळी खिडकी आहे: उताऱ्यावरची अखेरची शिल्लक द्यायची आणि उताऱ्यातल्या एकेका ओळीवर खूण करत जायचे, शेवटी फरक शून्य झाला पाहिजे. माझा फरक २,६३० रुपये आला, आणि माझी शिल्लक बँकेपेक्षा जास्त होती. म्हणजे एखादा खर्च लिहायचा राहिला असणार. उतारा पुन्हा वरून खाली वाचला, तेव्हा यूपीआयच्या दाट ओळींत बँकेच्या लॉकरचे वर्षाचे भाडे दडलेले सापडले: २,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,३६०. उरले २७०. या २७० रुपयांनी दोन रात्री खाल्ल्या. नवरा म्हणाला, “टाकून दे ‘किरकोळ’ मध्ये.” मी बाबांना फोन केला.

“फरकाला नऊने भाग जातो का बघ,” ते म्हणाले.

“जातो. तीस.”

“मग आकड्यांची अदलाबदल झाली असेल. दोन आकडे शेजारी शेजारी उलटे लिहिले की फरकाला नऊने भाग जातोच. आणि नाही सापडले तर फरकाचा अर्धा करून बघ. एकशे पस्तीसची नोंद उलट्या बाजूला पडली असेल.”

अर्धा करावा लागला नाही. सोसायटीला दिलेला धनादेश १,७४० रुपयांचा होता आणि मी १,४७० लिहिला होता. फरक शून्य झाला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. बाबांच्या पतसंस्थेत रोख शिल्लक जुळल्याशिवाय संध्याकाळी कोणी घरी जात नसे, आणि एकदा दहा पैशांसाठी सगळे जण साडेनऊपर्यंत बसले होते, ही गोष्ट मी लहानपणी अनेकदा ऐकली होती. ती कंटाळवाणी गोष्ट आहे असे मला तेव्हा वाटे.

जून अखेरपर्यंत मी दोन्हीकडे लिहीत होते. दर रविवारी नारायण पेठेत जाऊन जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि घरी ग्नूकॅशमध्ये. तीन महिने दोन्हीकडच्या बँक शिलका जुळल्या, तेव्हा जुने बंद केले. ठरावीक वेळी येणाऱ्या नोंदी आपोआप पडाव्यात अशी सोय लावली: पगार, कर्जाचा हप्ता, एसआयपी, मे महिन्यातला महापालिकेचा मिळकतकर. पगाराची नोंद मी फोड करून ठेवली होती, एकूण पगार एका बाजूला आणि हाती आलेली रक्कम, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर, व्यवसाय कर दुसऱ्या बाजूला. दहा महिने ती तंतोतंत जुळली आणि फेब्रुवारीत शंभर रुपयांनी चुकली. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापतात आणि वर्षाचे २,५०० पुरे व्हावेत म्हणून फेब्रुवारीत ३०० कापतात. वीस वर्षे नोकरी करूनही माझ्या हे लक्षात आले नव्हते.

३१ मार्च २०२५ चा ताळेबंद मी छापून बाबांना नेऊन दिला. जमा आणि नावे यांची बेरीज सारखी येईल याची काळजी सॉफ्टवेअर घेतेच. एखादी बाजू रिकामी राहिली तर ते फरक ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकते, आणि ते खाते मी दोनदा तपासून शून्यावर आणले होते. त्यामुळे मी निर्धास्त होते. बाबांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, ताळेबंद बाजूला ठेवला आणि खर्चाचा तपशील मागितला. तोही मी नेला होता. त्यांनी बोट फिरवत फिरवत ‘वीज’ या खात्यापाशी थांबून एका ओळीला गोल केला.

“ही मे महिन्यातली रक्कम बिलाची नाही. महावितरणची वाढीव सुरक्षा ठेव आहे ना ही?”

होती. वर्षाच्या वापरावरून मागितलेली अतिरिक्त ठेव मी निराळ्या बिलाप्रमाणे भरली होती आणि सवयीने विजेच्या खर्चात टाकली होती.

“ती परत मिळणारी आहे, तिच्यावर व्याजही देतात ते. खर्च कसा म्हणशील तिला?” त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिले: अनामत खाते नावे, वीज खाते जमा. मग कागद उलटून पुढचे पान वाचायला घेतले.